हिवाळ्यातील स्वित्झर्लंड : सहलीची आखणी करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वित्झर्लंडची उन्हाळी सहल आणि हिवाळी सहल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उन्हाळ्यात दिवस मोठा असतो, बहुतेक सगळे चालू असते आणि आखणीत एखादी चूक झाली तरी ती सहज खपून जाते. हिवाळ्यात दिवस साडेआठ तासांचा, हवामान लहरी आणि काही रेल्वे व घाटरस्ते पूर्ण बंद असतात. त्यामुळे उन्हाळ्यातला कार्यक्रम तसाच उचलून डिसेंबरात नेला तर तो हमखास फसतो. पुढील उत्तरे हा फरक लक्षात घेऊन दिली आहेत.

हिवाळ्यात नेमके कोणत्या महिन्यात जावे?

सुट्ट्यांचे बंधन नसेल तर ७ जानेवारीनंतरचे तीन आठवडे निवडावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. नाताळ आणि नववर्षाची गर्दी तोवर ओसरलेली असते, हॉटेलांचे दर उतरलेले असतात, थंडी पक्की बसलेली असते आणि मध्यम उंचीच्या गावांमध्येही बर्फ सापडण्याची शक्यता चांगली असते. याला दोन अपवाद आहेत. जानेवारीच्या मध्यास वेंगेन येथे लाउबरहॉर्नची स्की शर्यत असते, तेव्हा त्या परिसरात खोली मिळणे कठीण होते. जानेवारीतच दावोस येथे जागतिक आर्थिक मंचाची वार्षिक बैठक भरते आणि त्या आठवड्यात सामान्य प्रवाशाने दावोसचा विचारही करू नये.

२० डिसेंबर ते ५ जानेवारी हा सर्वात महागडा काळ आहे. मुलांच्या सुट्टीमुळे याच दिवसांत जावे लागत असेल, तर राहण्याची सोय सहा ते आठ महिने आधी करावी. फेब्रुवारीत बर्फ उत्तम असतो, परंतु तेथील शाळांना प्रांतवार वेगवेगळ्या आठवड्यांत क्रीडा सुट्टी असल्याने स्कीची गावे महिनाभर भरलेली राहतात. मार्च महिना मात्र अकारण दुर्लक्षिला जातो. दिवस बारा तासांचा होतो, ऊन उबदार असते आणि १८०० मीटरच्या वर बर्फ टिकून असतो. नोव्हेंबर शक्यतो टाळावा, कारण शरद ऋतूची पाने गळून गेलेली असतात, बर्फ आलेला नसतो आणि अनेक केबल कार वार्षिक देखभालीसाठी याच महिन्यात बंद ठेवल्या जातात.

बर्फ नक्की पाहायला मिळेल का?

हे महिन्यापेक्षा उंचीवर अधिक अवलंबून आहे. ल्युसर्न ४३५ मीटरवर आहे आणि झ्युरिक व इंटरलाकेनही फार उंच नाहीत. या शहरांत जानेवारीतही कधी पाऊस, कधी चिखल, तर कधी दोन दिवसांत वितळणारा बर्फ असे मिश्रण दिसते. ग्रिंडेलवाल्ड सुमारे १०३० मीटरवर आहे, म्हणजे शक्यता चांगली असली तरी खात्री नाही. वेंगेन १२७४ मीटर, त्सेरमाट सुमारे १६०० मीटर, म्युरेन १६३८ मीटर आणि सेंट मॉरिट्झ सुमारे १८०० मीटरवर आहे. जानेवारी-फेब्रुवारीत खोलीच्या खिडकीबाहेर बर्फ हवा असेल, तर या शेवटच्या तीन गावांपैकी एखाद्यात राहावे. केवळ एक दिवस बर्फात खेळायचे असेल, तर खाली राहून केबल कारने वर जाणेही पुरेसे आहे, कारण २५०० मीटरच्या वर हिवाळाभर बर्फ असतोच.

खाली सतत धुके असते असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

खरे आहे, आणि हिवाळी सहलीविषयीची ही सर्वात उपयोगी माहिती आहे. शांत, वारा नसलेल्या दिवसांत थंड आणि जड हवा खालच्या पठारी भागात साचते व तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. परिणामी झ्युरिक, बर्न, ल्युसर्न ही शहरे कित्येक दिवस करड्या छताखाली राहतात. स्थानिक जर्मनमध्ये या थराला ‘नेबेलमेअर’, म्हणजे धुक्याचा समुद्र म्हणतात. त्याचा वरचा काठ बहुधा हजार मीटरच्या आसपास असतो आणि त्याच्या वर निळेभोर आकाश व कडक ऊन असते.

म्हणून ल्युसर्नच्या हॉटेलातून बाहेर पाहून ‘आज हवा वाईट आहे, डोंगरावर जायला नको’ असे ठरवणे ही मोठी चूक ठरते. बहुतेक सर्व डोंगरी स्थानकांवर थेट कॅमेरे बसवलेले असून त्यांचे चित्र संकेतस्थळावर आणि अनेक हॉटेलांच्या दूरचित्रवाणीवर मिळते. सकाळी सात-साडेसातला ते पाहावे आणि मगच दिवस ठरवावा. उलटही घडते : खाली लख्ख ऊन आणि वर ताशी ८० किलोमीटरचा वारा, ज्यामुळे केबल कार बंद. आल्प्सच्या दक्षिणेकडून उत्तरेकडे उतरणारा ‘फ्यॉन’ नावाचा उबदार वारा असे दिवस वारंवार आणतो.

आठ दिवसांत किती ठिकाणी मुक्काम करावा?

दोन ठिकाणी, फार तर तीन. झ्युरिक, ल्युसर्न, इंटरलाकेन, माँत्रो, जिनिव्हा अशी एकेक रात्रीची माळ उन्हाळ्यात कशीबशी निभते, परंतु हिवाळ्यात ती दोन कारणांनी तोट्याची ठरते. पहिले कारण दिवसाच्या लांबीचे आहे. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. खोली सोडणे, सामान ओढणे, गाडी बदलणे आणि नव्या हॉटेलात शिरणे यात चार तास गेले, तर त्या दिवशी उजेडाचे फारसे काही उरत नाही. दुसरे कारण हवामानाचे आहे. एका जागी चार रात्री असतील तर त्यांतील सर्वात स्वच्छ दिवस डोंगरासाठी राखता येतो. एकच रात्र असेल तर जे आकाश मिळेल त्यावरच समाधान मानावे लागते, आणि महागडे तिकीट काढून ढगांच्या आत उभे राहिलेल्या प्रवाशांची निराशा बहुतेक याच कारणाने होते.

मग कोणत्या दोन ठिकाणी राहावे?

पहिल्याच भेटीसाठी ल्युसर्न आणि युंगफ्राउ शिखराच्या परिसरातील एखादे गाव ही जोडी आम्हाला सर्वात समतोल वाटते. झ्युरिक विमानतळावरून ल्युसर्न रेल्वेने तासाभराहून थोडे अधिक अंतरावर आहे. शहर पायी फिरण्याजोगे आहे, संध्याकाळी दुकाने व उपाहारगृहे उघडी असतात आणि रिगी, टिटलिस, पिलाटुस, स्टोस असे चार डोंगर एका दिवसात जाऊन येण्याच्या टप्प्यात आहेत. कापेलब्र्युके हा चौदाव्या शतकातील छत असलेला लाकडी पूल १९९३ च्या आगीत बराचसा जळाला आणि काही महिन्यांतच पुन्हा उभारला गेला. छताखालील त्रिकोणी चित्रफलकांपैकी काही जागा आजही रिकाम्या किंवा काळवंडलेल्या आहेत, त्या मुद्दाम पाहाव्यात.

तेथून ब्रिएन्झच्या सरोवराच्या काठाने जाणारी ल्युसर्न–इंटरलाकेन गाडी साधारण दोन तासांत इंटरलाकेनला पोहोचते. परंतु हिवाळ्यात खुद्द इंटरलाकेनमध्ये राहण्याचा आग्रह धरू नये. ते सोयीचे जंक्शन आहे, यापलीकडे हिवाळ्यात त्याचे आकर्षण बेताचे आहे. ग्रिंडेलवाल्ड हे मोठे, दुकानांनी भरलेले आणि आयगर शिखराच्या थेट पायथ्याचे गाव आहे. वेंगेन आणि म्युरेन ही मोटारमुक्त गावे उंच कड्यावर वसलेली आहेत, तेथे रात्री एवढी शांतता असते की छपरावरून घसरणाऱ्या बर्फाचा आवाजही दचकवतो. लाउटरब्रुनेन सुंदर खरे, पण त्याची दरी इतकी खोल आणि अरुंद आहे की डिसेंबर-जानेवारीत तेथे ऊन जेमतेम काही तास उतरते.

ज्यांना मॅटरहॉर्न हा प्रसिद्ध डोंगर पाहायचाच आहे त्यांनी ल्युसर्नऐवजी त्सेरमाट घ्यावे. झ्युरिक विमानतळापासून तो प्रवास सुमारे साडेतीन तासांचा आहे, त्यामुळे तेथे एका रात्रीसाठी जाणे व्यर्थ आहे.

युंगफ्राउयोख, टिटलिस, गोर्नरग्राट की रिगी? एकच निवडायचे असेल तर?

प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. युंगफ्राउयोख हे ३४५४ मीटरवर असून युरोपातील सर्वात उंच रेल्वे स्थानक आहे. आयगर आणि म्यॉन्श या शिखरांच्या पोटातून सुमारे सात किलोमीटरचा बोगदा खोदून ही रेल्वे १९१२ मध्ये पूर्ण झाली. वरून दिसणारी आलेच हिमनदी ही आल्प्समधील सर्वात मोठी असून सुमारे २० किलोमीटर लांब आहे. डिसेंबर २०२० पासून ग्रिंडेलवाल्डहून आयगरग्लेचरपर्यंत केबल कार पंधरा मिनिटांत नेते, त्यामुळे वेळ बराच वाचतो. मात्र पूर्ण तिकीट दोनशे फ्रँकच्या आसपास किंवा त्याहून महाग पडते, म्हणून आकाश निरभ्र असेल तरच जावे.

टिटलिसला ३०२० मीटरपर्यंत जाता येते आणि शेवटचा टप्पा १९९२ पासून स्वतःभोवती फिरणाऱ्या केबल कारने होतो. कुटुंबासह बर्फात खेळायचे असेल तर ते सोयीचे आहे, परंतु दृश्याच्या भव्यतेत ते युंगफ्राउयोखच्या किंवा गोर्नरग्राटच्या बरोबरीचे नाही. गोर्नरग्राटला (३०८९ मीटर) त्सेरमाटहून १८९८ मध्ये सुरू झालेली दातेरी रेल्वे उघड्या उतारावरून नेते. बोगद्यातून जाण्यापेक्षा हा प्रवास आम्हाला अधिक भावतो, कारण संपूर्ण वाटेवर ४४७८ मीटरचा मॅटरहॉर्न खिडकीत असतो.

रिगी १७९८ मीटरचाच आहे म्हणून अनेक जण तो वगळतात. धुक्याच्या दिवशी मात्र त्याच्याइतका देखणा डोंगर दुसरा नाही. १८७१ मध्ये येथे युरोपातील पहिली डोंगरी दातेरी रेल्वे धावली आणि आजही ती बाराही महिने चालते. ढगांच्या समुद्रातून बाहेर पडणारी गाडी, वर पसरलेले ऊन आणि दूरवर आल्प्सची रांग, हे सारे स्विस ट्रॅव्हल पासमध्ये वेगळे पैसे न देता मिळते.

स्विस ट्रॅव्हल पास घ्यावा की सुटी तिकिटे काढावीत?

हा पास सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. त्यात रेल्वे, बस, बोटी, शहरांतील ट्राम आणि ५०० हून अधिक संग्रहालये येतात. रिगी आणि स्टोस पूर्ण समाविष्ट आहेत, टिटलिस आणि गोर्नरग्राटवर निम्मी सवलत आहे. युंगफ्राउयोखसाठी मात्र पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच चालतो आणि पुढच्या तिकिटावर २५ टक्के सवलत मिळते. ही बाब बऱ्याच जणांना तिकीट खिडकीवरच कळते.

वर सांगितल्याप्रमाणे दोनच ठिकाणी मुक्काम असेल आणि एकाआड एक दिवस गावातच घालवायचा असेल, तर पास कदाचित महाग पडेल. अशा वेळी महिनाभर चालणारे निम्म्या भाड्याचे कार्ड घ्यावे, ज्यावर बहुतेक सर्व गाड्या आणि डोंगरी रेल्वे अर्ध्या दरात मिळतात, युंगफ्राउयोखसुद्धा. रोज लांबचा प्रवास असेल तर पास आणि महागड्या डोंगरांवर भर असेल तर कार्ड, असा हिशेब सर्वसाधारणपणे बरोबर येतो. सहा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. पासधारक आईवडिलांसोबत असलेल्या ६ ते १५ वर्षांच्या मुलांना मोफत फॅमिली कार्ड मिळते, ते पास घेतानाच मागून घ्यावे.

डोंगराचे तिकीट कितीही आधी काढण्याची जाहिरात दिसली तरी ते त्याच सकाळी, कॅमेरा पाहून काढावे. नाताळाच्या आठवड्यात युंगफ्राउयोखच्या गाडीत जागा राखणे इष्ट असते, पण तेही हवामानाचा अंदाज हाती आल्यावर, एक-दोन दिवस आधी करावे.

ग्लेशियर एक्स्प्रेस आणि बर्निना एक्स्प्रेस हिवाळ्यात चालतात का?

बर्निना एक्स्प्रेस चालते, आणि या मार्गाचे खरे रूप हिवाळ्यातच दिसते. कूरहून इटलीतील तिरानोपर्यंतच्या सुमारे चार तासांच्या प्रवासात गाडी ६५ मीटर उंचीचा लांडवासर पूल ओलांडते, ओस्पित्सिओ बर्निना येथे २२५३ मीटरवर चढते आणि पुढे ब्रुसिओच्या गोल पुलावरून वळसा घेत ४२९ मीटरवरील तिरानोत उतरते. तेथे पोहोचेपर्यंत बर्फ संपलेला असतो. हा मार्ग २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्सेरमाट–सेंट मॉरिट्झ ही आठ तासांची ग्लेशियर एक्स्प्रेस ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत बंद असते. त्यानंतर ती सुरू होते, परंतु छोट्या दिवसात प्रवासाचा शेवट अंधारात होतो.

दोन्ही गाड्यांत पास असला तरी वेगळे आरक्षण सक्तीचे आहे. ते मिळाले नाही तरी खंत करू नये. त्याच रुळांवरून साध्या गाड्या धावतात, त्यांना आरक्षण लागत नाही आणि त्यांच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. छायाचित्रे काढणाऱ्यांसाठी या एक्स्प्रेस गाड्यांच्या छतापर्यंतच्या बंद काचांपेक्षा उघडी खिडकी केव्हाही चांगली. तिरानो इटलीत असल्याने पासपोर्ट मात्र जवळ ठेवावा.

हिवाळ्यात काय काय बंद असते?

पिलाटुसची आल्पनाखश्टाडहून चढणारी, ४८ टक्के चढाची जगप्रसिद्ध दातेरी रेल्वे बंद असते. क्रिएन्सहून गोंडोलाने मात्र वर जाता येते. श्टान्सरहॉर्न, शिनिगे प्लाटे, ब्रिएन्झर रोटहॉर्नची वाफेची गाडी आणि ट्र्युमेलबाखचे भूमिगत धबधबे बंद असतात. फुर्का, ग्रिम्सेल, सुस्टेन हे घाट बर्फाखाली जातात. सरोवरांवरील बोटी चालतात, पण फेऱ्या कमी होतात.

मोटार भाड्याने घ्यावी का?

बर्फावर गाडी चालवण्याचा सराव नसेल तर घेऊ नये. रेल्वे जेथे नेते तेथे मोटार नेण्याने काही साधत नाही. त्सेरमाटला जाताना तर ती टॅश येथे सोडून बारा मिनिटांची शटल गाडी घ्यावी लागते. तरीही घ्यायचीच असेल तर हिवाळी टायर असल्याची खात्री करावी. कायद्याने ते सरसकट सक्तीचे नसले तरी उन्हाळी टायरमुळे अपघात झाल्यास जबाबदारी चालकावर येऊ शकते. महामार्गासाठी ४० फ्रँकचे वार्षिक व्हिन्येट (पथकराचा परवाना) लागते, दिवसाचे वा आठवड्याचे मिळत नाही. देशात भाड्याने घेतलेल्या गाडीवर ते बहुधा असतेच.

व्हिसा आणि विमा यांची तयारी केव्हा सुरू करावी?

स्वित्झर्लंड युरोपीय संघाचा सदस्य नसला तरी २००८ पासून शेंगेन क्षेत्रात आहे, म्हणून भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, काही प्रकरणांत ४५ दिवसही लागू शकतात. नाताळाच्या प्रवासासाठी अर्ज देण्याच्या भेटीची वेळ मिळणेच अवघड होते, त्यामुळे सप्टेंबरमध्येच अर्ज करणे शहाणपणाचे आहे. एकाच सहलीत अनेक देश असतील, तर जेथे सर्वाधिक रात्री असतील त्या देशाकडे अर्ज करावा. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलांचे ४५ युरो आहे.

विमा किमान ३०,००० युरोचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रात लागू असणारा हवा, ही व्हिसाची अट झाली. हिवाळी प्रवाशाने त्यापुढे जाऊन दोन ओळी वाचाव्यात : स्की आणि घसरगाडी यांसारख्या खेळांतील दुखापत समाविष्ट आहे का, आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च मिळतो का. स्वस्त विम्यांतून नेमक्या या दोन गोष्टी वगळलेल्या आढळतात, आणि स्वित्झर्लंडमध्ये जखमी माणसाला उतारावरून हेलिकॉप्टरने नेणे ही दुर्मीळ घटना नाही.

कपडे किती आणि कोणते न्यावेत?

एक जाडजूड कोट आणि आत साधा सुती सदरा, ही सर्वात प्रचलित आणि सर्वात चुकीची रचना आहे. गाड्या, दुकाने आणि उपाहारगृहे चांगली उबदार असतात, तेथे घाम येतो. सुती कापड तो शोषून ओले राहते, आणि बाहेर आल्यावर तेच ओले कापड अंग गारठवते. त्याऐवजी तीन थर ठेवावेत. अंगालगत पातळ लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा घट्ट थर, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, आणि सर्वात बाहेर वारा व पाणी अडवणारे जाकीट. आत शिरल्यावर एकेक थर उतरवता आला पाहिजे.

खरी कसोटी मात्र पायांची असते. पाणी आत न शिरणारे, घोट्याच्या वर येणारे आणि खोल खाचांचा तळ असलेले बूट हवेत. ते निघण्याच्या महिनाभर आधी घेऊन वापरावेत. लोकरी मोज्यांचा एकच जोड घालावा, कारण दोन जोड कोंबल्यास रक्तप्रवाह आवळला जातो आणि पाय उलट अधिक गार पडतात. गावांतील गोठलेल्या निसरड्या वाटांसाठी बुटांवर चढवण्याचे रबरी पकडपट्टे तेथील क्रीडा दुकानांत मिळतात, ज्येष्ठांसाठी ते अवश्य घ्यावेत. कान झाकणारी टोपी आणि जलरोधक हातमोजे तर हवेतच. काळा चष्मा आणि सनस्क्रीन यांना चैन समजू नये, ताज्या बर्फावरून परावर्तित होणारे ऊन जानेवारीतही चेहरा भाजते. तीव्र थंडीत मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते आणि परतीचे तिकीट त्याच मोबाइलमध्ये असते, म्हणून तो आतल्या खिशात ठेवावा.

स्की येत नाही. मग आठवडाभर काय करायचे?

हिवाळी पर्यटनाची सुरुवातच स्कीने झालेली नाही. सेंट मॉरिट्झचे हॉटेलमालक योहानेस बाद्रुट यांनी १८६४ मध्ये आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली, की हिवाळ्यात येऊन पाहा, आवडले नाही तर प्रवासखर्च मी देईन, अशी कथा सांगितली जाते. पाहुणे आले आणि वसंतापर्यंत राहिले. त्यांना मोहवले ते उन्हाने आणि बर्फावरील घसरण्याने.

घसरगाडी आजही सर्वांना जमणारी मजा आहे. अल्बुला रेल्वेमार्गावरील प्रेडा ते बेर्ग्युन हा सहा किलोमीटरचा रस्ता हिवाळ्यात मोटारींना बंद करून घसरगाड्यांसाठी दिला जातो, रात्री दिवे लावले जातात आणि खाली आल्यावर रेल्वे पुन्हा वर नेऊन सोडते. ग्रिंडेलवाल्डजवळच्या फाउलहॉर्नवरून उतरणारी वाट तब्बल १५ किलोमीटरची आहे, पण तिच्या माथ्यापर्यंत अडीच तास बर्फात चालत जावे लागते. याच गावात १९११ पासून ‘वेलोगेमेल’ नावाची चाकांऐवजी पट्ट्यांवर घसरणारी लाकडी सायकल चालवली जाते. ब्रेक म्हणजे स्वतःचे पाय, एवढे लक्षात ठेवावे.

चालण्याची आवड असणाऱ्यांसाठी गुलाबी फलकांनी दाखवलेल्या, बर्फ दाबून तयार केलेल्या हिवाळी पायवाटा आहेत. उन्हाळ्याचे पिवळे फलक दिसले म्हणून त्या वाटेने शिरू नये, ती वाट हिमस्खलनाच्या टप्प्यात असू शकते. स्की शिकायचीच असेल, तर पहिल्या दिवशी प्रशिक्षकासह अर्धा दिवस पुरे, कारण दुसऱ्या दिवशी मांड्या ऐकत नाहीत.

लहान मुले आणि ज्येष्ठ यांना उंचीचा त्रास होईल का?

तीन हजार मीटरवर हवा विरळ असते आणि तासाभरात तेथे पोहोचल्यावर डोके जड होणे, धाप लागणे सामान्य आहे. वर गेल्यावर हळू चालावे, पाणी पीत राहावे आणि मुक्काम दोन-तीन तासांत आटोपावा. हृदयविकार किंवा फुप्फुसाचा विकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अगदी लहान बाळांना युंगफ्राउयोखला नेऊ नये, रिगी किंवा ग्रिंडेलवाल्डजवळचा ‘फर्स्ट’ नावाचा डोंगर त्यांच्यासाठी पुरेसा आहे.

नाताळचे बाजार कोठे आणि कधीपर्यंत असतात?

बासेलचे म्युन्स्टरप्लात्झ व बार्फ्युसरप्लात्झ, माँत्रोचा सरोवरकाठ, बर्न आणि झ्युरिक येथील बाजार नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू होतात आणि बहुतेक २३ किंवा २४ डिसेंबरला उठतात. २६ डिसेंबरला उतरून बाजार शोधणाऱ्यांच्या पदरी रिकामे चौक येतात. उशिरा जाणाऱ्यांसाठी दुसरे उत्सव आहेत. आपेनझेलच्या उर्नेश गावात ३१ डिसेंबरला आणि जुन्या पंचांगानुसार पुन्हा १३ जानेवारीला, मुखवटे व घंटा घातलेले ‘सिल्व्हेस्टरक्लाउस’ घरोघर फिरून गातात. जानेवारीच्या उत्तरार्धात शातो-दे येथे उष्ण हवेचे फुगे आकाशात चढतात. राखेचा बुधवार, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, त्यानंतरच्या सोमवारी पहाटे चारला बासेल शहराचे दिवे एकदम मालवले जातात आणि कंदील, ढोल व बासऱ्या यांची फासनाख्त (कार्निव्हल) मिरवणूक सुरू होते.

शाकाहारी प्रवाशाची सोय होते का?

होते, परंतु थोडी चौकशी करावी लागते. रॉश्टी (किसलेल्या बटाट्याचा भाजलेला पदार्थ), राक्लेट (वितळवलेले चीज व बटाटे) आणि फोंद्यू (वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खाण्याचा पदार्थ) ही हिवाळ्याची खास जेवणे मांसाविना मिळतात. रॉश्टीत डुकराच्या मांसाचे तुकडे नाहीत ना, हे विचारावे. फोंद्यूमध्ये पांढरी वाइन आणि बहुधा किर्श ही चेरीची दारू असते, त्यामुळे मद्य वर्ज्य असणाऱ्यांनी तो टाळावा. ग्र्युयेरसारख्या पारंपरिक चीजसाठी वासराच्या पोटातील रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) वापरले जाते, हेही कडक शाकाहाऱ्यांना माहीत असावे. झ्युरिकमधील हिल्ट्ल हे १८९८ पासून चालू असलेले शाकाहारी उपाहारगृह आहे. गावांमध्ये राहताना स्वयंपाकघर असलेले घर घेतल्यास खर्च निम्म्यावर येतो.

पैसे आणि दुकाने यांबाबत काय लक्षात ठेवावे?

चलन स्विस फ्रँक आहे. युरो काही ठिकाणी घेतात, पण सुटे फ्रँकमध्येच मिळतात आणि दर तोट्याचा असतो. कार्ड जवळपास सर्वत्र चालते. बिलात सेवा धरलेली असते, वरचे सुटे पैसे सोडणे ऐच्छिक. रविवारी, २५ डिसेंबरला आणि अनेक प्रांतांत २६ डिसेंबरलाही दुकाने बंद असतात, तेव्हा मोठ्या रेल्वे स्थानकांतील दुकाने कामी येतात. नळाचे पाणी निर्धोक पिण्याजोगे आहे. एकाच दुकानात किमान ३०० फ्रँकची खरेदी केल्यास ८.१ टक्के मूल्यवर्धित कराच्या परताव्याचा अर्ज करता येतो.

हिमस्खलनाची भीती कितपत बाळगावी?

खुणा केलेल्या व उघड्या असल्याचे जाहीर केलेल्या वाटा आणि उतार यांवर राहणाऱ्या प्रवाशाला धोका अत्यल्प असतो. दावोस येथील हिम व हिमस्खलन संशोधन संस्था हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाचला १ ते ५ या श्रेणीत धोक्याचे पत्रक काढते. त्यातील ३ हा आकडा मधला म्हणून साधा समजू नये, त्याचा अर्थच ‘लक्षणीय धोका’ असा आहे. दोरीपलीकडे दिसणारा अस्पर्श बर्फ कितीही मोहक असला, तरी छायाचित्रासाठी तेथे पाऊल टाकू नये. रुग्णवाहिकेसाठी १४४ आणि डोंगरातील हवाई बचावासाठी १४१४ हे क्रमांक मोबाइलमध्ये साठवून ठेवावेत.

आठ रात्रींचा एखादा नमुना कार्यक्रम सांगता येईल का?

ल्युसर्नला तीन रात्री, वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डला चार रात्री आणि शेवटची रात्र झ्युरिकला. ल्युसर्नच्या दोन मोकळ्या दिवसांपैकी एक रिगीसाठी आणि एक शहर व वाहतूक संग्रहालय यांसाठी ठेवावा, मात्र कोणता दिवस कशासाठी हे तेथील सकाळी ठरवावे. पुढच्या तीन मोकळ्या दिवसांपैकी सर्वात स्वच्छ दिवस युंगफ्राउयोखला द्यावा, दुसरा घसरगाडी व पायवाटेला, आणि ढगाळ निघेल तो बर्नच्या दगडी कमानींखाली फिरण्यास, जेथे सुमारे सहा किलोमीटरच्या छतांखालून पावसा-बर्फातही कोरडे चालता येते. तिन्ही दिवस ढगाळ निघाले तर युंगफ्राउयोख सोडून द्यावे आणि तेच पैसे पुढच्या वेळेसाठी ठेवावेत.